फुकटचं कपाट: एका जुन्या नेपोलियनकालीन संग्रहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरचं. माणसांची आणि गावाची नावं गाळली आहेत. मुख्य पात्र आमच्या वॉरगेमिंग क्लबचा खजिनदार, म्हणून त्याला खजिनदारच म्हणू. मूळचा जालना जिल्ह्यातला, इथे येऊन पंधरा वर्षं झालेला. मी त्याच्या शेजारी बसून ब्रश धरणारा, आणि पुढे घडलेल्या चुकांत निम्म्याचा वाटेकरी.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या टेबलावर टेकड्या, ओढे, गावं मांडायची, त्यावर इंचभर उंचीचे धातूचे सैनिक पलटणीपलटणीने उभे करायचे आणि फूटपट्टी, फासे आणि जाडजूड नियमावली घेऊन जुनी लढाई पुन्हा लढायची. नेपोलियनचा काळ यात सगळ्यांत लाडका, कारण गणवेश. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये या सैनिकांचं ओतकाम जोरात होतं. साउदॅम्प्टनला नेव्हिल डिकिन्सन यांची मिनिफिग्ज होती. आमच्याजवळ, हडर्सफील्डच्या पलीकडे मेल्थमला हिंचलिफ होती, तिच्यासाठी पीटर गिल्डर मूळ मूर्ती घडवत. रबराच्या गोल साच्यात वितळलेला मिश्रधातू ओतायचा, साचा गरागरा फिरवायचा, की सैनिक तयार. धातू म्हणजे मुख्यतः शिसं, त्यात थोडं कथील. मिनिफिग्जचा शिपाई ठेंगणा, गोलमटोल, कवायतीत उभा केल्यासारखा. हिंचलिफचा सडपातळ, अंगात हालचाल असलेला. दोन्ही म्हणायला 25 मिलिमीटरचे, पण एका पलटणीत मिसळले तर हिंचलिफवाला शेजाऱ्याच्या डोक्यावरून बघतो.

संग्रह एका वारलेल्या गृहस्थांचा होता. 612 पायदळ, 84 घोडेस्वार, 14 तोफा. सगळं एका ओकच्या कपाटात, बारा उथळ खणांत, खणाखणाला पितळी मूठ आणि चिठ्ठी. त्यांच्या मागे राहिलेल्या बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घर विकून मुलीकडे राहायला जायचं होतं. एका विक्रेत्याने येऊन चांगले दोनशे सैनिक निवडले आणि बाकीचे राहू द्या म्हणाला. बाईंना तोडून विकायचं नव्हतं. खजिनदाराने 850 पौंडांत सगळं उचललं. निघताना बाई म्हणाल्या, "कपाटही न्या, मला एकटीला ते हलत नाही." खजिनदार खूश. एवढं देखणं कपाट, तेही फुकट.

शेवटचा खण रिकामा होता. बाहेर चिठ्ठी: असई, 1803. वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता आणि 23 सप्टेंबरला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी तो जिथे लढला ते गाव खजिनदाराच्या आजोळापासून जवळ. इथले खेळाडू त्याला 'असाये' म्हणतात आणि खजिनदार दर वेळी दुरुस्त करतो. म्हाताऱ्यांनी खण राखून ठेवला होता, सैन्य जमवायचं राहून गेलं. हा खण पुढे कामाला आला, पण वेगळ्याच.

अडचण

घरी आणून खण उघडले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

एक, वरचं व्हर्निश पिवळं पडलेलं. फ्रेंचांचे पांढरे पट्टे चहात बुडवल्यासारखे. दोन, बरेच ठिकाणी रंगाचे पापुद्रे सुटलेले, संगिनी वाकलेल्या. तीन, खालच्या खणांतल्या काही सैनिकांच्या घोट्याशी आणि पायाखालच्या बेसच्या कडेला पांढरी भुकटी. फुंकली तर उडत नव्हती, नखाने खरवडली तर पिठासारखी निघत होती आणि खाली खड्डा राहत होता. (नखाने खरवडायचं नसतं. ते मला नंतर कळलं.)

आम्ही पहिल्या दोन गोष्टींना अडचण मानलं आणि तिसरीला घाण. खरं प्रकरण इथेच चुकलं. रंग हा आमचा आवडीचा विषय, त्यामुळे डोळे रंगावरच गेले. क्लबातल्या एका जुन्या मेंबराने भुकटी बघून सांगितलं, "लेड रॉट आहे, म्हणजे शिशाची सड, ते वेगळे काढा, नाहीतर बाकीच्यांना लागेल." आम्ही 73 सैनिक वेगळ्या खोक्यात टाकले आणि विषय संपला असं समजलो. कशामुळे लागलं हे त्याला विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

कोणते पर्याय होते

टेबलावर चार पर्याय होते. जसेच्या तसे ठेवून खेळायचं. सगळ्यांचा रंग काढून नव्याने रंगवायचं. फक्त खराब झालेल्यांना हात लावायचा. किंवा सगळं विकून, आलेल्या पैशांत नॉटिंगहॅमकडे बनणारे आजचे प्लास्टिकचे सैनिक घ्यायचे, जे सुबक आहेत, स्वस्त आहेत आणि सडत नाहीत.

चौथा पर्याय खजिनदाराने चहा संपायच्या आत उडवला. "प्लास्टिक घ्यायचं होतं तर दुकानात गेलो असतो." यात मला हट्ट दिसला नाही. जुन्या धातूच्या सैनिकाला हातात एक वजन असतं आणि पलटण उचलून पुढे सरकवताना ते जाणवतं. शिवाय आजचे सैनिक 28 मिलिमीटरचे, अंगाने दांडगे. जुन्यांत मिसळत नाहीत, म्हणजे मग सगळंच बदलावं लागतं.

खरी ओढाताण दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात होती. खजिनदार म्हणत होता सगळे घासू. त्याला एकसारखं सैन्य हवं होतं, एका हातचं. मी म्हणत होतो एक पलटण घासून बघू, मग ठरवू. हा शहाणपणा नव्हता, मला सहाशे सैनिक रंगवायचा कंटाळा होता. पहिला पर्याय, म्हणजे काहीच न करणं, यावर दोन मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही.

कोणती लढाई, हाही प्रश्न होता आणि तो सगळ्यांच्या आधी सुटायला हवा होता. म्हातारे या सैनिकांनी वॉटर्लू खेळत. पण फ्रेंच शिपायांचे कोट लांब शेपट्यांचे, छातीवरचे पांढरे पट्टे खाली कमानीसारखे कापलेले. 1812 च्या नियमांनी हा कोट जाऊन कमरेपर्यंत बंद असणारा आखूड कोट आला, म्हणजे 1815 च्या वॉटर्लूला हे शिपाई जुन्या कपड्यांत आलेले. इंग्रजांच्या डोक्यावर सरळ नळकांड्यासारखा शाको, वॉटर्लूचा पुढून उंच असलेला नव्हे. दोन्ही बाजूंचे कपडे जुळतात ते स्पेनमध्ये. 22 जुलै 1812, सालामांका. तिथे फ्रेंचांपर्यंत नवा कोट पोचलेला नव्हता आणि इंग्रज जुन्याच टोपीत होते. हे आम्हाला सापडलं, पण तीन महिन्यांनी. तोवर एक नुकसान होऊन गेलं होतं.

काय केलं: पहिला टप्पा

पहिली पलटण घेतली 36 जणांची. हा आकडा उगाच नाही. फेब्रुवारी 1808 च्या हुकमाने फ्रेंच पलटणीत सहा कंपन्या झाल्या: एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड), एक व्होल्टिजर (हलके, चपळ), चार फ्युझिलियर (साधे शिपाई). कंपनीला 140 माणसं, म्हणजे कागदावर 840. सहा कंपन्यांना सहा-सहा सैनिक दिले की 36 होतात आणि एक शिपाई साधारण तेवीस माणसांचा होतो.

रंग काढायला डेटॉल वापरलं. आपल्याकडे गुडघा फुटल्यावर लावतात तेच, पाणी न घालता. बरणीत सैनिक बुडवून दोन दिवस ठेवायचे आणि दातांच्या जुन्या ब्रशने घासायचे. जुना इनॅमल सालीसारखा सुटतो. एकच पथ्य असतं: पहिली धुणी डेटॉलमध्येच करायची, पाण्यात नाही. खजिनदाराने बरणी थेट नळाखाली धरली. डेटॉल दुधासारखं झालं आणि सुटलेल्या रंगाचा चिकट राडा पुन्हा सैनिकांना, ब्रशला, सिंकला, खजिनदाराच्या घड्याळाच्या पट्ट्याला चिकटला. चार संध्याकाळी त्या राड्यात गेल्या. घरात तीन आठवडे दवाखान्याचा वास होता.

पलटण उघडी झाली, धातू चकाकला, आम्हाला जोर चढला. लगेच बारा कुइरासिए घेतले, म्हणजे छातीवर पोलादी पत्रा बांधणारे जड घोडेस्वार. घोड्यांसकट बरणीत.

दोन गोष्टी नंतर कळल्या.

पहिली: प्रत्येक सैनिक पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवलेला होता आणि पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. डेटॉलमध्ये पुठ्ठ्याचा लगदा झाला. हे कळलं ते एकोणपन्नासाव्या सैनिकाला, सहज उलटा धरला म्हणून. त्यावर पलटणीचा क्रमांक, कंपनी, आणि शेवटी एक अक्षर, कधी 'अ' सारखं, कधी 'म' सारखं. आम्हाला वाटलं विकत घेतल्याची खूण असेल.

दुसरी: खजिनदाराने बाईंना फोन करून सहज त्या अक्षरांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "एक त्याचं, एक माझं. माणसं तो रंगवायचा. घोडे सगळे माझे. त्याला घोडे जमत नसत."

खजिनदाराने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात वाळत घातलेल्या बारा चकचकीत घोड्यांकडे बघत राहिला.

उरलेले घोडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. त्या काळची एक पद्धत होती. आधी घोड्याला फिकट पिवळसर किंवा नारिंगी इनॅमल द्यायचा. तो कडक सुकला की वरून गडद तपकिरी तैलरंग लावायचा आणि ओला असतानाच चिंधीने पुसून काढायचा. मागच्या मांड्यांवरून, मानेच्या फुगवट्यावरून तो निघतो आणि खालचा रंग उजळतो, पोटाखाली आणि आयाळीच्या मुळाशी गडद राहतो. नीट जमलं तर घोड्याच्या अंगावर घाम असल्यासारखी झाक येते. बाईंना ते जमलेलं होतं. माणसांचे चेहरे गुलाबी ठिपके होते, घोडे जिवंत होते. हा फरक पहिल्याच दिवशी दिसायला हवा होता. आम्ही पिवळं व्हर्निश बघत होतो.

वर आणखी एक. सालामांका ठरल्यावर लक्षात आलं की तिथे कुइरासिए नव्हतेच. स्पेनमध्ये त्यांची एक पलटण होती, तेरावी, आणि ती फ्रेंच मार्शल सुशेच्या फौजेबरोबर पूर्वेकडे. म्हणजे ज्यांना घासलं त्यांची गरजच नव्हती.

यानंतर रंग काढणं थांबवलं. हा पहिला मोठा निर्णय आणि तो योग्य होता, पण चुकीच्या कारणाने घेतला. आम्ही लाजून थांबलो होतो.

काय केलं: कपाटाची सेवा

उघड्या 36 जणांना रंग सुरू केला. काळा प्रायमर, मग गडद निळा, त्यावर पांढऱ्या छातीपट्ट्या, लाल कॉलर, लाल बाह्यांच्या कडा. ग्रेनेडियरांना लाल झुपके, व्होल्टिजरांना पिवळी कॉलर. फ्युझिलियरांच्या शाकोवरचा गोंडा कंपनीप्रमाणे: पहिलीला गडद हिरवा, दुसरीला आकाशी, तिसरीला नारिंगी, चौथीला जांभळा. पांढरा पट्टा थेट पांढऱ्याने काढायचा नाही. आधी राखी, मग त्याच्या आत बारीक पांढरी रेघ, तरच तो पट्टा दिसतो, नाहीतर चुन्याचा फटकारा. एकाच रंगाने सगळे 36 करायचे, मग दुसरा रंग. सातव्या संध्याकाळी माणूस स्वतःशी कवायतीचे हुकूम पुटपुटू लागतो.

मी हे करत असताना खजिनदाराने कपाट मनावर घेतलं. बाईंच्या घोड्यांचं प्रायश्चित्त म्हणा. खणांत एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) नवे तळ मापाने कापून बसवले, त्यावर हिरवं फेल्ट चिकटवलं. आतून तेलयुक्त व्हर्निशचे दोन हात दिले. धूळ जाऊ नये म्हणून दारांच्या कडांना रबरी पट्टी लावली. कपाट इतकं घट्ट बंद होई की उघडताना 'पक्' असा आवाज यायचा. नोव्हेंबरात सगळे सैनिक, जुने-नवे, आत गेले. कपाट गॅरेजमध्ये, जिथे हीटर नाही.

मार्चमध्ये दार उघडलं तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. नव्या रंगवलेल्या पलटणीतल्या अकरा जणांच्या संगिनींच्या टोकाशी पांढरी लव होती. बेसच्या खाली, जिथे आम्ही प्रायमर मारलाच नव्हता, तिथे पिठाचे ठिपके. नोव्हेंबरात स्वच्छ असलेले जुने सैनिकही आता लागले होते. फेब्रुवारीत यॉर्कच्या रेसकोर्सवर व्हॅपनार्टॅक हे वॉरगेमिंगचं प्रदर्शन भरतं, तिथल्या जुन्या मालाच्या टेबलावरून घेतलेले आठ शिपाई याच कपाटात ठेवले होते. त्यांच्या तळाला एका महिन्यात धुरकट पांढुरका थर आला होता.

खजिनदाराचा पहिला तर्क: डेटॉलने झालं. माझा: प्रायमर वाईट होता. दोन आठवडे यावर वाद घातला. जुने सैनिक, ज्यांना ना डेटॉल लागलं ना नवा प्रायमर, तेही सडत होते, हे समोर असताना.

काय केलं: निदान

वस्तुसंवर्धनाचं काम करणारी एक ओळखीची बाई क्लबात कुणाची तरी पाहुणी म्हणून आली होती. तिने सैनिक बघितलाच नाही. विचारलं, "कशात ठेवता?"

ओकच्या लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सतत सुटत असते, वर्षानुवर्षं. एमडीएफमधून आम्लं आणि फॉर्मल्डिहाइड. ताजं तेलयुक्त व्हर्निश सुकतानाही तेच करतं. शिसं या वाफेला अगदी हळवं. दमट हवेत आम्ल शिशाला खातं, हवेतला कार्बन डायॉक्साइड त्याचा कार्बोनेट करतो, आणि आम्ल मोकळं होऊन पुन्हा कामाला लागतं. ते खर्च होत नाही, म्हणून थोडंसंही पुरतं. कथील जास्त असलेला धातू तग धरतो, शिसं जास्त असलेला आधी जातो. जुन्या ओतकामात प्रमाण कमीजास्त असे, म्हणून एकाच खणात एक सडतो आणि शेजारचा ठणठणीत. क्लबातल्या जुन्या मेंबराला वाटलं होतं तसा हा संसर्ग नव्हे. सगळे एकाच खोलीत कोंडलेले होते, एवढंच.

आणि ही पांढरी भुकटी म्हणजे काय? सफेदा. जुन्या काळी युरोपात चित्रकारांसाठी तो मुद्दाम याच रीतीने बनवत: मडक्यात व्हिनेगर, वर शिशाच्या गुंडाळ्या, भोवती शेण आणि लीद, आणि महिनोन्महिने बंद. ऊब, वाफ, कोंडलेली हवा. खजिनदाराने गॅरेजमध्ये सफेद्याचा कारखानाच काढला होता, लीद तेवढी नव्हती. शेंदूर शिशाचा, सफेदाही शिशाचा. दोन्ही आपल्या ओळखीचे आणि दोन्ही अंगात जाऊ नयेत असे.

सांगितलेलं पटलं तरी आम्ही तपासून पाहिलं. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये एक चाचणी मांडली, संग्रहालयं आजही वापरतात: कपाटाचं सामान आणि शिसं, तांबं, चांदी यांचे तुकडे एका बंद बरणीत, थोडं पाणी, 60 अंशांवर 28 दिवस. आमचा घरगुती अवतार असा. छपराला लावायच्या शिशाच्या पत्र्याच्या पट्ट्या पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने घासून चकचकीत केल्या. लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या, प्रत्येकीत ओला कापूस आणि एक पट्टी. पहिलीत ओकचा कपचा, दुसरीत एमडीएफ, तिसरीत फेल्ट, चौथी रिकामी. सगळ्या रेडिएटरवर. पाचवी पट्टी कपाटातल्या असईच्या रिकाम्या खणात ठेवली.

एमडीएफच्या बरणीत दहाव्या दिवशी पट्टीच्या कडेला पांढरं दिसलं. ओकच्या बरणीत तिसऱ्या आठवड्यात. फेल्ट आणि रिकाम्या बरणीतल्या पट्ट्या नुसत्या करड्या पडल्या, जे शिशाला होतंच. असईच्या खणातली पट्टी सहाव्या आठवड्यात पिठाळली. चाचणी आधी केली असती तर लोणच्याच्या चार बरण्यांत हे प्रकरण मिटलं असतं.

काय केलं: उपचार

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून पटकन. सगळे सैनिक कपाटातून बाहेर. लागलेले आता 118. हातमोजे, मास्क, खाली ओला कागद, खाणंपिणं दुसऱ्या खोलीत, मुलांना बंदी. भुकटी कोरडी घासायची नाही, ओल्या ब्रशने काढायची. आयनरहित (क्षार काढलेल्या) पाण्यात धुणं, केस वाळवायच्या यंत्राने पूर्ण सुकवणं, त्याच दिवशी प्रायमर, तळासकट. कुणीतरी सुचवलं होतं की व्हिनेगरमध्ये बुडवा, भुकटी विरघळते. विरघळते, आणि मग तेच आम्ल सैनिकाच्या पोटात राहतं. ते केलं नाही, हे आमच्या बाजूने मांडायला बरं.

118 पैकी 41 जण घोट्यात तुटले किंवा इतके खाल्ले गेले होते की चेहरा उरला नव्हता. ते डब्यात भरून नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिले. त्यांच्या जागी नवे घेतले. दोन्ही कंपन्यांचे जुने साचे तेव्हा दुसऱ्या मालकांकडे चालू होते. आकृती तीच, नाकडोळे जरा बोथट. एका रांगेत खपून जातात.

बाकीच्यांचा रंग काढला नाही. कोमट साबणपाणी, कापसाचा बोळा, सुटलेल्या जागी थोडा रंग, वरून मॅट व्हर्निश. पिवळेपणा पूर्ण गेला नाही. नव्या 36 जणांचे पट्टे उलट फारच पांढरे दिसायला लागले, म्हणून त्यांच्यावर मी पातळ चहाच्या रंगाचा हात फिरवला. सात संध्याकाळी पांढरं केलेलं एका संध्याकाळी मळवलं. त्या पलटणीवर माझा अजून थोडा राग आहे.

पुठ्ठे एकाही सैनिकाचे काढले नाहीत. पुठ्ठ्याच्या खाली चुंबकी रबराचा तुकडा अशा रीतीने लावला की अक्षरं दिसत राहतात, आणि सैनिक पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या डब्यांत पत्र्यावर उभे केले. डब्यात सिलिका जेलची पुडी. डबे घरात, जिन्याखाली. त्याआधी प्रत्येकाचा तळ फोटोत घेतला: अंक, कंपनी, अक्षर.

कपाट घरात आहे. त्यात आता कपबश्या असतात.

निष्पत्ती

सुरुवातीपासून दीड वर्षाने, एका रविवारी, बारा फुटांच्या टेबलावर सालामांका मांडली. आठ खेळाडू, नऊ तास. बाई आल्या होत्या. फ्रेंच सेनापती मार्मों जखमी झाला, त्याच्या हाताखालच्या क्लोझेलने सूत्रं घेतली, इथवर इतिहासाप्रमाणे. इंग्रज सेनानी ले मर्चंटच्या जड घोडेस्वारांचा प्रसिद्ध हल्ला सुरू झाला तेव्हा बाई टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. ले मर्चंट खऱ्या लढाईत त्या हल्ल्यात मारला गेला, आमच्याकडे फाशांनी वाचवला. बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. तिसऱ्या ओळीतला एक काळसर घोडा उचलून त्या म्हणाल्या, "हा बिघडला होता. व्हर्निश लावायची घाई केली होती."

खजिनदाराने बारा घोड्यांचं तेव्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, मग आता ते कुठे आहेत. प्रायमर मारून डब्यात आहेत, म्हणाला. "मग तैलरंग आणा," त्या म्हणाल्या, "आणि जुनी गंजी. नवी चिंधी रंग ओढून घेते." दोन महिन्यांनी खजिनदार त्यांच्याकडे जाऊन आला. सहा घोडे त्यांनी केले, सहा त्याने. कुठले कुणाचे हे तळाचं अक्षर न बघता सांगता येतं.

खर्चाचं म्हणाल तर 850 पौंडांवर आणखी साधारण 400 गेले. त्यातले 90 कपाटाच्या नूतनीकरणाचे, ज्याने नुकसान वाढवलं.

आज पुन्हा केलं तर

पहिल्या दिवशी सैनिक उलटा करून बघू. तळाचा फोटो आधी, बाकी सगळं नंतर. पांढरं दिसलं की सैनिकाच्या आधी कपाटाकडे बघू. लढाई आणि साल आधी ठरवू, म्हणजे कुणाला हात लावायचा हे आपोआप ठरतं. आणि ज्या घरातून संग्रह आला त्या घरात एक संध्याकाळ बसून विचारू, कोणी काय केलं. बाईंना ते सांगायचं होतं. पैसे मोजताना आम्ही घाईत होतो.

खजिनदाराला यातलं सगळं मान्य नाही. त्याचं म्हणणं, पहिले 36 घासले नसते तर हात बसला नसता आणि प्रायमरखाली धातू कसा दिसतो हे कळलं नसतं. माझं म्हणणं, हात बसवायला नवे सैनिक विकत मिळतात. हा वाद मिटलेला नाही.

दर मार्च आणि ऑक्टोबरला डबे उघडून भिंगाने तपासतो. गेल्या वेळी तिघांच्या घोट्याशी राईएवढा पांढरा ठिपका दिसला. तिघेही मिनिफिग्जचे, तिघेही खालच्या खणातले, आणि उपचार झालेले. ते आता वेगळ्या डब्यात आहेत, शेजारी शिशाची एक चकचकीत पट्टी.

असईच्या खणाची चिठ्ठी खजिनदाराने काढून घेतली आहे. ती एका नव्या, रिकाम्या डब्यावर लावली आहे.